कर्मनाशेवरचा पूल आणि काशीच्या तीन वाटा

२०१९ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या सीमेवर, वाराणसीपासून पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, कर्मनाशा नदीवरील राष्ट्रीय महामार्गाच्या पुलाचे खांब खचू लागल्याचे आढळले आणि जड वाहनांची वाहतूक तत्काळ थांबवण्यात आली. पूल जेमतेम दहा वर्षांचा होता. झारखंडचा कोळसा ज्या ट्रकांतून मुगलसरायजवळच्या चंदासी मंडीत येतो, सोन नदीची वाळू ज्या ट्रकांतून पूर्व उत्तर प्रदेशात उतरते, ते सारे महामार्गावर रांगा लावून उभे राहिले. आडवाटेचे अरुंद रस्ते इतका भार पेलण्याजोगे नव्हते. तात्पुरती व्यवस्था उभी होईपर्यंत दिल्ली आणि कोलकाता यांना जोडणारा देशातला एक प्रमुख मार्ग एका मध्यम आकाराच्या नदीपाशी अडून पडला.

ही घटना अभियांत्रिकीच्या दृष्टीने जितकी बोलकी आहे, तितकीच इतिहासाच्या दृष्टीनेही. कारण याच नदीने, याच मार्गावर, सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कारभाऱ्याचा बेत हाणून पाडला होता.

कैमूरच्या डोंगरांत उगम पावून चौसाजवळ गंगेला मिळणाऱ्या कर्मनाशेचे नावच तिच्याविषयीची समजूत सांगते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की संचित पुण्य नष्ट होते, अशी श्रद्धा होती. महाराष्ट्रातून त्रिस्थळी यात्रेस निघालेला यात्रेकरू प्रयाग आणि काशी करून गयेस जाऊ लागला की ही नदी त्याच्या वाटेत आडवी येई. नौकेने किंवा माणसांच्या खांद्यावर बसून, पाण्याला पाय न लावता ती ओलांडावी लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणवीसांनी येथे दगडी पूल बांधण्याचे काम हाती घेतले. हेतू धार्मिक होता, पण फळ केवळ यात्रेकरूंनाच मिळणार होते असे नाही. हा शेरशाहाच्या सडकेचा टप्पा होता. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थान यांच्यातला व्यापार, टपाल आणि लष्कर याच वाटेने जात असे. पैसा ओतला गेला, पण पूल उभा राहिला नाही. नदीच्या पात्रात खोलवर वाळू होती आणि तिच्यात पाया धरेना.

वाळूत पाया का धरत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कोरडी, दाबून बसलेली वाळू पुष्कळ भार सहन करते. संकट येते ते पुरात. वाहत्या पाण्यात खांब उभा राहिला की प्रवाह त्याच्यावर आदळून खाली वळतो, खांबाच्या बुडाशी भोवरे तयार होतात आणि तेथली वाळू उपसली जाते. पूर ओसरताना हा खळगा पुन्हा गाळाने भरून निघतो, त्यामुळे हिवाळ्यात पाहणाऱ्याला सर्व काही जागच्या जागी दिसते. जगभर पूल कोसळण्याच्या प्रमुख कारणांत या झिजेची गणना होते. उपाय एकच, पाया या खळग्याच्याही खाली, घट्ट थरापर्यंत नेणे. त्यासाठी भारतीय कारागिरांना विहिरीचे तंत्र ठाऊक होते. विटांचा किंवा दगडाचा पोकळ गोल रचायचा, आतली वाळू उपसत जायची आणि आपल्याच भाराने तो गोल खाली उतरू द्यायचा. तंत्र जुने होते, पण वाळूचा थर फार खोल असला आणि आत पाणी भरत राहिले, तर ते उपसण्यास लागणारे बळ त्या काळी सहज मिळत नसे.

नानांच्या मृत्यूनंतर सुमारे तीन दशकांनी हे काम तडीस गेले. काशीचे सावकार राय पटनीमल यांनी खर्च उचलला आणि आराखडा जेम्स प्रिन्सेप यांनी केला. ब्राह्मी लिपी उलगडणारा विद्वान म्हणून प्रिन्सेप आज ओळखले जातात. पण १८२० ते १८३० या दशकात ते काशीच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारे अधिकारी होते आणि त्या काळात त्यांनी शहराचा नकाशा केला, जनगणना केली, सांडपाण्याचा निचरा करणारे भुयार खोदवले. पटनीमलांना या पुलाबद्दल राजा हा किताब मिळाला. पुण्याच्या कारभाऱ्याची कल्पना, बनारसच्या सावकाराचा पैसा आणि इंग्रज अधिकाऱ्याचे गणित, अशा तीन पिढ्यांच्या धडपडीतून एक नदी ओलांडली गेली.

तोवर काशीचा खरा महामार्ग गंगा हाच होता. नदी मालवाहतुकीला स्वस्त, पण ती प्रत्येक हंगामात वेगळी. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात वाळूच्या बेटांत हरवलेली. कोलकात्याहून वर येणाऱ्या नौकांना काशी गाठण्यास महिनोन्‌महिने लागत. कोरड्या ऋतूत भागीरथीचा प्रवाह आटला की त्यांना सुंदरबनाला वळसा घालून यावे लागे. १८२८ मध्ये ‘हुगळी’ नावाच्या आगबोटीने कोलकाता ते अलाहाबाद हा प्रवास प्रयोगादाखल करून दाखवला आणि १८३४ पासून ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ या लोखंडी आगबोटीने नियमित सेवा सुरू झाली. या बोटी इंग्लंडमध्ये सुट्या भागांत घडवून कोलकात्यात जोडल्या जात. त्यांचे तळ उथळ असत आणि माल व उतारू मागे ओढल्या जाणाऱ्या वेगळ्या तराफ्यावर असत, म्हणजे इंजिनाच्या वजनाने मालाची बोट वाळूत रुतू नये. वरच्या दिशेचा प्रवास आता साधारण तीन आठवड्यांवर आला.

तरीही आगबोटीने नदी जिंकली, असे म्हणता येणार नाही. खोल पाण्याची वाट दर पुरानंतर सरकत असे आणि ती शोधण्यासाठी स्थानिक नावाड्यांवाचून गत्यंतर नव्हते. वाट खोल ठेवण्याचे साधनही गंगाखोऱ्यातलेच होते. बांबूच्या चौकटींना चटया बांधून केलेले कूड प्रवाहात तिरके उभे करायचे. त्यांच्या आड पाणी मंदावते आणि वाळू साचते, दुसऱ्या अंगाला पाणी एकवटते आणि तळ आपोआप खरवडून निघतो. याला ‘बंडाल’ म्हणतात. ज्या भोवऱ्यांनी पुलाचे खांब पोखरले जातात, त्याच शक्तीला येथे कामाला जुंपलेले असते. यंत्राने गाळ उपसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त आहे आणि तो आजही वापरात आहे.

नदी आणि सडक यांच्या जोडीला तिसरी वाट होती ती लमाणांच्या तांड्यांची. नागपूर आणि वऱ्हाडचा कापूस हजारो बैलांच्या पाठीवर लादून हे तांडे सातपुडा आणि विंध्य ओलांडीत, काशीच्या वरच्या अंगाला असलेल्या मिर्झापूरच्या पेठेत येत. तेथून तो नौकांनी बंगालकडे उतरे. तांडा मंद चालत असे, पण त्याला पूल लागत नसे, बांधलेला रस्ता लागत नसे. बैल वाटेतच चरत. एक घाट बंद झाला तर तांडा दुसऱ्या घाटाने जाई. आजच्या पुरवठाशास्त्राचे अभ्यासक ज्या लवचीकतेची मागणी करतात, ती तांड्यात मुरलेलीच होती. तिची किंमत वेळेत मोजावी लागे, एवढेच.

जोखमीची वाटणी करण्याचेही एक तंत्र या व्यवस्थेत होते, आणि ते कागदाचे होते. हुंडी ही पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी न वाहता पोचवण्याची सोय, हे सर्वज्ञात आहे. तिचाच एक प्रकार जोखमी हुंडी. माल सुखरूप पोचला तरच ही हुंडी वटे, वाटेत बुडाला तर घेणाऱ्याचे पैसे बुडत. म्हणजे एकाच कागदात कर्ज आणि विमा दोन्ही. बनारसच्या पेढ्यांचे जाळे इतके विस्तृत होते की, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनी बंगालचा महसूल मुंबईला पोचवण्यासाठी तेथील सावकारांच्या हुंड्यांवर विसंबत असे. मराठ्यांशी झुंजणाऱ्या मुंबई इलाख्याचा खर्च काही अंशी काशीतून भागत होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८५७ च्या उन्हाळ्यात या साऱ्या वाटांची एकदमच परीक्षा झाली. कोलकात्याहून रेल्वे तेव्हा राणीगंजपर्यंतच होती. तारयंत्र मात्र उत्तरेपर्यंत पोचले होते, त्यामुळे बातमी सैन्याच्या कितीतरी पुढे धावत होती. नीलच्या हाताखालील मद्रासच्या तुकड्या राणीगंजपर्यंत आगगाडीने आणि तेथून पुढे बैलगाड्यांच्या टप्प्यांनी व डाकगाड्यांनी सडकेवरून जूनच्या आरंभी बनारसला दाखल झाल्या. काही पलटणी आगबोटींनी निघाल्या, पण पाऊस पडण्यापूर्वीच्या उतरत्या पाण्यात त्यांचा वेग मंद होता. एक वाट रखडली तेव्हा दुसरीने साथ दिली. त्या वाटेने जे आले ते काय होते, हेही नमूद केले पाहिजे. नीलने बनारस आणि अलाहाबाद येथे घडवलेले फाशींचे सत्र हे त्याच सुरळीत पुरवठ्याचे फळ होते.

१८६२ अखेर रेल्वे काशीसमोरच्या तीरापर्यंत आली आणि मग सर्व चित्र पालटले. १८६७ मध्ये नागपूर मुंबईशी लोहमार्गाने जोडले गेले. १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरला मुंबईकडचा आणि अलाहाबादकडचा लोहमार्ग एकमेकांना मिळाले. वऱ्हाडच्या कापसाने उत्तरेची वाट सोडून मुंबईचे बंदर धरले. मिर्झापूरची पेठ ओसरली आणि तांड्यांचा धंदा मोडला. गंगेचे पाणी वरच्या अंगाला कालव्यांत वळवले जाऊ लागले होते, त्यामुळे कोरड्या ऋतूतली खोली आणखी घटली. आगबोटींना रेल्वेशी स्पर्धा करणे परवडेना. वाट वापरात राहिली नाही की तिची माहितीही जाते. खोल पाण्याची जागा सांगणाऱ्या नावाड्याचा मुलगा पुढे यात्रेकरूंना घाट दाखवू लागतो.

काशीशी रेल्वे जोडण्यासाठी गंगेवर पूल हवा होता. तोवर राजघाटापाशी कोरड्या ऋतूत नौकांचा पूल असे आणि पावसाळ्यात आगबोटीने नदी ओलांडावी लागे. अवध-रोहिलखंड रेल्वेने बांधलेला डफरिन पूल १८८७ साली खुला झाला. अभियंते वॉल्टन यांच्या देखरेखीखाली त्याच्या विहिरी गंगेच्या वाळूत शंभर फुटांहूनही खोल उतरवण्यात आल्या. तत्त्व जुन्या विहिरीचेच होते, फक्त आता उपसण्याच्या कामाला वाफेचे बळ होते. पुढे या पुलाची नव्याने उभारणी झाली, खाली लोहमार्ग आणि वर रस्ता अशी रचना झाली आणि स्वातंत्र्यानंतर त्यास पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव देण्यात आले.

येथे गणिताचा आधार घेणे उपयोगाचे आहे. १७३६ साली लिओनार्ड ऑयलर यांनी केनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्यावरून आलेखशास्त्राचा पाया घातला. या शास्त्रात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. ज्या एका रेषेला काढून टाकले असता जाळ्याचे दोन तुकडे पडतात, तिला शास्त्रातही ‘सेतू’ असेच नाव आहे. जाळे किती वेगवान आहे हे रेषांच्या क्षमतेवरून कळते. ते किती चिवट आहे, हे मात्र त्यात असे सेतू किती आहेत यावरून कळते. एकोणिसाव्या शतकाने काशीभोवतीच्या वाटांची क्षमता प्रचंड वाढवली आणि त्याच वेळी तीन वाटांचे जाळे एका लोहमार्गावर आणि एका सडकेवर आणून ठेवले. मालवीय पुलावर तर रेल्वे आणि रस्ता एकाच खांबांवर उभे आहेत. नकाशावर त्या दोन वाटा दिसतात, पण पुराच्या दृष्टीने ती एकच आहे.

पूल नेहमी दगडाचा किंवा लोखंडाचाच असतो असे नाही. बनारसी साडीच्या ताण्यासाठी विणकर दीर्घकाळ चिनी रेशीम वापरीत आले आहेत, कारण स्वयंचलित यंत्रावर काढलेला तो धागा सारखा आणि मजबूत असतो, मागावर कमी तुटतो. २०२० च्या आरंभी चीनमधली वाहतूक थंडावली तेव्हा हा दुवाही डळमळला. अशा दुव्याला पर्याय म्हणजे देशातच तशा प्रतीचा धागा निर्माण करणे. दुबार पीक देणाऱ्या रेशीमकिड्यांच्या सुधारित जाती आणि धागा काढणारी स्वयंचलित यंत्रे यांवर केंद्रीय रेशीम मंडळ भर देत आहे, त्यामागचे कारण स्वस्ताईपेक्षा हे अधिक आहे.

सोडून दिलेली जलवाट पुन्हा उघडण्याचा विचार शासनाने १९८६ साली केला. हल्दिया ते अलाहाबाद हा १,६२० किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला आणि त्याच वर्षी अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झाले. त्यानंतर तीन दशके फारसे काही घडले नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने जलमार्ग विकास प्रकल्प उभा राहिला आणि १२ नोव्हेंबर २०१८ रोजी वाराणसीजवळ रामनगर येथील बहुविध वाहतूक टर्मिनलचे उद्घाटन झाले. कोलकात्याहून सोळा कंटेनर घेऊन ‘रवींद्रनाथ टागोर’ ही बोट तेथे पोचली. गाझीपूर ते वाराणसी या टप्प्यात २.२ मीटर, तर बाढच्या खाली ३ मीटर खोली राखण्याचे उद्दिष्ट ठरवले गेले. आगबोटीच्या काळात नावाडी बांबू पाण्यात खुपसून जे मोजत असे, ते आता ध्वनिलहरींनी तळ मोजणाऱ्या नौका करतात. नदी-माहिती यंत्रणा बोटींचे स्थान आणि वाटेची खोली उपग्रहाच्या मदतीने दाखवते. पण तळ सरकण्याचे थांबत नाही, म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही.

या टर्मिनलवर अपेक्षेइतका माल आलेला नाही, ही टीका वारंवार होते आणि ती खोटी नाही. पण केवळ टनांनी मोजले तर पर्यायी वाट नेहमी तोट्यातच दिसणार, कारण तिचा उपयोग दुसरी वाट तुटेल त्या दिवशी असतो. याचा अर्थ तिला रिकामी ठेवून चालते, असाही नाही. नियमित माल नसेल तर बोटी राहत नाहीत, तांडेल राहत नाहीत, खोलीची मोजणी ढिली पडते, आणि गरज पडेल त्या दिवशी ही वाट कागदावरच उरते. एकोणिसाव्या शतकात नेमके हेच झाले होते. अडीअडचणीपुरती राखून ठेवलेली वाट जिवंत ठेवण्यासाठी तिच्यावरून रोज थोडा माल जावा लागतो, आणि हा थोडा माल कोणी, कोणत्या दराने पाठवायचा, या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. जोखमी हुंडी काढणाऱ्या सावकाराने त्या जोखमीचा भाव ठरवला असता. आजचा वाहतूकदार तो ठरवत नाही, कारण वाट तुटल्याचे नुकसान एकट्या त्याचे नसते.

अलीकडच्या काळातील इतर साधनेही याच कसोटीवर पाहिली पाहिजेत. लुधियाना ते सोननगर हा १,३३७ किलोमीटरचा पूर्व समर्पित मालवाहतूक मार्ग पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून, म्हणजे जुन्या मुगलसरायवरून जातो. मालगाड्यांना त्याने प्रवासी गाड्यांपासून वेगळी वाट दिली. २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आलेला माहिती-मंच रेल्वे, महामार्ग, बंदरे आणि सीमाशुल्क यांच्या नोंदी एकमेकांना जोडतो, म्हणजे एका ठिकाणी माल अडला तर तो कोठे वळवता येईल हे वेळीच कळावे. देशभरातील महामार्गांवरील पुलांची सूची २०१६ मध्येच हाती घेण्यात आली. खांबांचा कल आणि कंप टिपणारी, पाण्याची पातळी कळवणारी संवेदके आता स्वस्त झाली आहेत. पण माहितीने पर्याय निर्माण होत नाही. दुसरी वाट असेल तर माहिती ट्रकला तिकडे वळवते, नसेल तर रांग किती लांब आहे तेवढे सांगते. डिसेंबर २०१९ मध्ये कर्मनाशेपाशी रांगेची लांबी सर्वांना ठाऊक होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाराणसीजवळ गंगेवर नवा पूल बांधण्यास मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६४२ कोटी रुपये. खालच्या मजल्यावर चार लोहमार्ग आणि वरच्या मजल्यावर सहा पदरी रस्ता असेल. १८८७ च्या पुलावरचा ताण त्याने हलका होईल आणि रेल्वेला येथे गंगा ओलांडण्यास दुसरी जागा मिळेल, ही मोठीच गोष्ट आहे. रेल्वे आणि रस्ता पुन्हा एकाच खांबांवर असतील. पाया पुन्हा गंगेच्या वाळूतून खाली न्यावा लागेल, आणि तो किती खोल न्यायचा याचे गणित करताना अभियंत्यांपुढे वॉल्टन यांच्या विहिरींचा १८८७ पासूनचा अनुभव असेल.